गाठी तपासण्याचे दिवस

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा जिल्हा. तळ्याकाठी जाळे दुरुस्त करीत बसलेला ढिवर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो जाळे पसरतो आणि एकेक गाठ बोटांखालून सरकवीत जातो. सैल झालेली गाठ घट्ट करतो, तुटलेला धागा नव्याने ओवतो. मासे किती आले याचा हिशेब रोजचा. पण गाठी किती शाबूत राहिल्या याचा हिशेब सवडीने, हंगाम सरल्यावर करायचा असतो. दोन-चार गाठी तुटल्या तरी सबंध जाळे निकामी होत नाही, हा जाळ्याचा मोठा गुण. आणि त्यामुळेच तुटलेल्या गाठी लवकर ध्यानात येत नाहीत, हा त्याचा दोष!

आज ज्या जाळ्याची माहिती आपण करून घेणार आहोत, ते सुताचे नसून रेडिओ-लहरींचे आहे. मोहाडी तालुक्यातील आंधळगावाचे उदाहरण घेऊ. हातमागावर विणलेल्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडासाठी हे गाव ओळखले जाते. समजा, तिथली शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना, विणकरांची घरे आणि शेतांकडच्या टोल्या यांना एकमेकांशी व बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारे छोटेसे जाळे गावाने स्वतःच उभारायचे ठरविले. ते कसे चालेल? सुरू होईल यात शंका नाही. पण वर्षभर टिकेल का? आणि डिसेंबरअखेर त्याच्या वहीत काय काय लिहावे लागेल? अशा तऱ्हेचा एक मोठा प्रयोग आपल्याच राज्यात, पालघर जिल्ह्यात झालेला आहे. तो आधी पाहू आणि मग आंधळगावाकडे परत येऊ.

शेवटचे दोन-तीन किलोमीटर

देशातील ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची (ऑप्टिकल फायबरची) तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. काचतंतू म्हणजे माहितीचा राजरस्ताच. परंतु राजरस्ता ग्रामपंचायतीच्या दारात येऊन थांबला, तर शाळेत आणि टोलीवर माहिती कशी पोचणार? प्रत्येक घरापर्यंत जमीन खणून तार नेणे महाग पडते. शिवाय खणलेली तार पुन्हा कोणीतरी खणतोच! रस्ता रुंद करताना किंवा नळाची वाहिनी टाकताना ती तुटते. आरंभी या योजनेतील पुष्कळशी मांडणी एका रेषेत होती. मध्ये एके ठिकाणी तार तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित योजनेत म्हणून तारांचे वलय करण्यावर भर दिला गेला. वलयात एका बाजूने वाट बंद झाली तर दुसऱ्या बाजूने जाता येते. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे आपल्याला तिचे गणित करायचे आहे.

ग्रामपंचायतीपासून पुढचे अंतर बिनतारी पार करावे, या विचाराने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आय. आय. टी.) प्रा. अभय करंदीकर व त्यांचे सहकारी कामाला लागले. त्यांच्या प्रकल्पाचे नाव 'ग्राम मार्ग'. प्रयोगासाठी त्यांनी पालघर भागातील खामलोली परिसर निवडला. डोंगर, दाट झाडी आणि विखुरलेले पाडे, अशी तिथली भूरचना. बिनतारी संदेशाची परीक्षा घ्यायची तर यापेक्षा कठीण जागा शोधूनही सापडायची नाही.

त्यांनी कोणत्या लहरी वापरल्या, हे मोठे मजेदार आहे. घराच्या गच्चीवर काड्यांची अँटेना लावून दूरदर्शन पाहण्याचा काळ तुमच्या आई-वडिलांना आठवत असेल. त्या प्रक्षेपणासाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवलेला होता. एका वाहिनीला ८ मेगाहर्ट्झ जागा लागते. म्हणजे १२० मेगाहर्ट्झमध्ये १५ वाहिन्या बसतात. पण प्रत्यक्षात त्यांतल्या किती वापरात होत्या? आय. आय. टी.च्या संशोधकांनी देशभरातील दूरदर्शन-प्रक्षेपकांची माहिती गोळा करून हिशेब मांडला. तेव्हा असे दिसले की, जवळजवळ सगळीकडे १५ पैकी निदान १२ वाहिन्यांची जागा रिकामीच पडून आहे! पंधरा खोल्यांचा वाडा आणि राहणारे बिऱ्हाड दोन-तीन खोल्यांत, असाच हा प्रकार. या मोकळ्या जागेला 'शुभ्र अवकाश' म्हणतात.

या खोल्यांचे मोल एवढे का? लहरीची लांबी काढून पाहा. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला कंप्रतेने (म्हणजे वारंवारतेने) भागा. ५०० मेगाहर्ट्झची लहर ६० सेंटिमीटर लांब भरते. वाय-फायची ५.८ गिगाहर्ट्झची लहर मात्र जेमतेम ५ सेंटिमीटर. झाडाची पाने, फांद्या यांच्या मापाची लहर त्यांत अडकते, विखुरते आणि पानांतील पाणी तिची शक्ती शोषून घेते. लांब लहर झाडीतून पुष्कळशी सहीसलामत पलीकडे जाते आणि टेकडीच्या कडेवरून थोडी वळतेही. पालघरच्या झाडीत हाच गुण हवा होता.

मात्र दुसऱ्याच्या वाड्यातली खोली वापरायची तर ती खरोखर रिकामी आहे ना, हे विचारून घ्यायला हवे. त्यासाठी एक नोंदवही लागते. यंत्र आपले अक्षांश-रेखांश कळविते. नोंदवही सांगते, 'या जागी अमुक वाहिन्या मोकळ्या आहेत, एवढ्या शक्तीपर्यंत वापरा.' अशी भारतातली नोंदवही आय. आय. टी.च्या गटाने तयार केली आणि तिची आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली. 'ओपन-पॉज' हे तिचे नाव. २०१५ साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. एका छोट्या गटाने केलेले हे मुक्तस्रोत काम होते. मुक्तस्रोत म्हणजे काय, ते पुढे येतेच आहे.

सात पाड्यांवर प्रयोग झाला. त्यानंतर २५ गावांचा मोठा टप्पा आला. २०१७ मध्ये 'मोझिला' या संस्थेने घेतलेल्या जागतिक स्पर्धेत ग्राम मार्ग प्रकल्पाला सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिकही मिळाले. पण या प्रयोगाच्या हिशेबात मला सर्वांत बोलकी वाटते ती निराळीच गोष्ट. पंचवीस गावांच्या टप्प्यात दूरदर्शनचा तो सुंदर पट्टा मुख्य राहिला नाही, ५.८ गिगाहर्ट्झचा नेहमीचा पट्टा घ्यावा लागला. शुभ्र अवकाशाला परवानगी होती ती प्रयोगापुरती. वाटेल त्या गावाने उठावे आणि विनापरवाना वापरावे, अशी मोकळीक त्याला मिळाली नाही. ५.८ गिगाहर्ट्झची यंत्रे बाजारात तयार मिळत होती. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने जे उत्तम, तेच गावात पोचेल असे नसते. जे कायद्यात बसते आणि ज्याचा सुटा भाग तालुक्याला मिळतो, ते पोचते.

या प्रकल्पाने आणखी एक विचार मांडला. सरकार, खासगी उद्योजक आणि पंचायत या तिघांची भागीदारी असावी. पंचायतीने आरंभीचा भार उचलावा आणि गावातल्याच एखाद्या तरुणाने जाळे सांभाळून त्यावर थोडे कमवावे. शास्त्रज्ञ मुंबईला परत गेल्यावर खांबावर कोण चढणार, या प्रश्नाला दिलेले हे उत्तर होते.

डबा उघडला, तेव्हा

आता मुक्तस्रोताची गोष्ट. २००२ च्या अखेरीस अमेरिकेत 'लिंक्‌सिस' कंपनीचा निळ्या-काळ्या रंगाचा एक राउटर बाजारात आला. राउटर म्हणजे माहितीच्या पुडक्यांना वाट दाखविणारे यंत्र. पुढच्या वर्षी काही चौकस मंडळींना आढळले की, या डब्याच्या पोटात 'लिनक्स' ही सर्वांसाठी खुली असलेली आज्ञावली चालते आहे. लिनक्स वापरण्याची अट अशी की, तुम्ही ती वापरून वस्तू विकलीत तर आतली आज्ञावली वाचण्यास व बदलण्यास खुली करून द्यायची. कंपनीला ती द्यावी लागली. त्यातून २००४ साली 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प जन्माला आला. स्वस्तातल्या राउटरमधली मूळ आज्ञावली काढून टाकायची आणि ही खुली आज्ञावली घालायची, की घरगुती डबा गावाच्या जाळ्यातली गाठ बनू शकतो!

असे गावचे जाळे परदेशांतही विणले गेले आहे. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात गुर्ब नावाचे एक गाव आहे. २००४ च्या सुमारास तिथल्या लोकांना वेगवान जोडणी द्यायला कंपन्या उत्सुक नव्हत्या. तेव्हा त्यांनी छपराछपरांवर अँटेना बसवून 'गिफी' हे जाळे सुरू केले. त्याच्या गाठी आज तीस हजारांहून अधिक आहेत. बर्लिनमध्ये 'फ्रायफुंक' (मुक्त रेडिओ) या मंडळींनी असेच केले. जाळे वाढू लागले तसा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: शेकडो गाठींमधून पुडक्याने जायचे कोणत्या वाटेने?

आधीच्या पद्धतीत प्रत्येक गाठ सबंध जाळ्याचा नकाशा स्वतःजवळ ठेवी आणि तो सारखा नव्याने काढी. गाठी वाढल्या की बिचाऱ्या लहान डब्याचा सगळा वेळ नकाशा काढण्यातच जाई. बर्लिनकरांनी साधी युक्ती काढली. तिचे नाव त्यांनी गमतीने 'बॅटमॅन' ठेवले. आंधळगावाबाहेरच्या एखाद्या टोलीवर तुम्ही 'भंडाऱ्याला कसे जायचे?' असे विचारलेत, तर सांगणारा माणूस सबंध जिल्ह्याचा नकाशा काढून देतो का? तो एवढेच म्हणतो, 'या वाटेनं जा बाबू, पुढं विचारून घे.' पुढचा माणूस त्याच्या पुढची वाट सांगतो. कोणालाही सगळी वाट पाठ नसते, तरी तुम्ही भंडाऱ्याला पोचता!

बॅटमॅनमध्ये प्रत्येक गाठ ठराविक वेळाने, साधारणपणे सेकंदाला एकदा, 'मी आहे' अशी लहानशी हाक मारते. शेजारच्या गाठी ती हाक पुढे पोचवितात. दूरच्या गाठीची हाक ज्या शेजाऱ्याकडून जास्तीत जास्त वेळा आणि स्पष्ट येते, ती तिकडची चांगली वाट. एखादे उदाहरण करून पाहा. शाळेपासून दवाखान्यापर्यंतच्या थेट वाटेवर १०० हाकांपैकी ६० पोचतात. ग्रामपंचायतीच्या गच्चीवरून वळसा घेतला तर पहिल्या टप्प्यात ९० आणि दुसऱ्यातही ९० पोचतात. ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१. तेव्हा लांबची वाट बरी! आज थेट वाटेवरची फांदी तोडली आणि तिचे प्रमाण ९५ वर गेले, तर थोड्याच वेळात गाठी आपणहून थेट वाट धरतील. कोणीही आज्ञा द्यावी लागत नाही. २०११ पासून बॅटमॅनची सुधारित आवृत्ती खुद्द लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झालेली आहे.

यात फुकटचे काही नाही, हेही सांगायला हवे. एकाच रेडिओवर ऐकणे आणि पुढे सांगणे ही दोन्ही कामे करायची असतील तर ती आळीपाळीनेच होतात. बोलताना ऐकता येत नाही. म्हणून प्रत्येक वळशाला वेग घटतो. दोन टप्प्यांत तो सुमारे निम्म्यावर येतो, तीन टप्प्यांत तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली. जाळे विणणारे शहाणे लोक म्हणूनच टप्पे कमी ठेवतात, किंवा गाठीगाठींमध्ये बोलायला एक आणि घरांशी बोलायला दुसरा, असे दोन रेडिओ बसवितात.

वर्षाचा हिशेब

आता आंधळगावाकडे वळू. आपले कल्पनेतले जाळे जानेवारीत सुरू झाले आणि डिसेंबर आला. वहीत पहिली नोंद कशाची करावी? वेगाची? बहुतेक लोक तीच करतात. मी म्हणेन, जाळे किती वेळ बंद होते, याची करा.

'आमची जोडणी ९५ टक्के वेळ चालू असते,' असे कोणी सांगितले तर ऐकायला छान वाटते. पण वर्षाच्या ३६५ दिवसांचे ५ टक्के म्हणजे सव्वाअठरा दिवस! आणि ही झाली एका दुव्याची गोष्ट. टोलीवरच्या घरापासून इंटरनेटपर्यंत असे तीन दुवे एकापुढे एक असतील तर? तिन्ही एकाच वेळी चालू हवेत. ०.९५ × ०.९५ × ०.९५ = ०.८५७. वर्षातले ५२ दिवस जाळे बंद! एकही यंत्र वाईट नाही, तरी ही गत. आता याच टोलीला दुसऱ्या बाजूने, स्वतंत्र तीन दुव्यांची आणखी एक वाट द्या. दोन्ही वाटा एकदम बंद असण्याची शक्यता ०.१४३ गुणिले ०.१४३, म्हणजे सुमारे ०.०२. बंद दिवस ५२ वरून साडेसातावर येतात. वलयाचे आणि जाळ्याचे सगळे सामर्थ्य या एका गुणाकारात आहे.

पण थांबा. हे गणित वर्गात फळ्यावर मांडले की हमखास कोणीतरी विचारते, 'गुरुजी, वीज गेली तर?' प्रश्न अगदी बरोबर आहे. हा गुणाकार चालतो तो दोन्ही वाटा खरोखर स्वतंत्र असतील तरच. ग्रामपंचायतीची गच्ची आणि शाळेची गच्ची एकाच विजेच्या तारेवर असतील, तर भारनियमनाच्या वेळी दोन्ही एकदमच डोळे मिटतील. मग त्या दोन वाटा नव्हेतच. एकच वाट दोनदा मोजली, एवढेच. जाळ्याच्या नकाशावर गाठी दिसतात, विजेच्या तारा दिसत नाहीत. म्हणून नकाशा पाहून समाधान मानण्यात धोका असतो.

तेव्हा विजेचा हिशेब करू. बाहेर बसवायचा लहान राउटर सुमारे ६ वॅट वीज घेतो. दिवसाचे २४ तास म्हणजे १४४ वॅट-तास. आषाढ-श्रावणात दोन दिवस ऊनच पडले नाही तर २८८ वॅट-तास साठ्यातून काढावे लागतील. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे २४ अँपिअर-तास होतात. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याखाली उतरविली की तिचे आयुष्य घटते. म्हणून दुप्पट, ४८ अँपिअर-तासांची घ्यावी. पावसाळ्यात दिवसाला पूर्ण उन्हाचे तीनच तास धरले तर १४४ भागिले ३, म्हणजे ४८ वॅट, आणि वाया जाणारी ऊर्जा धरून ७५ वॅटचे सौर पटल लागेल. एवढा सगळा पसारा केवळ ६ वॅटच्या डब्यासाठी! पुष्कळ ठिकाणी डब्यासाठी पैसे ठेवलेले असतात आणि बॅटरी नंतर पाहू म्हणून सोडून दिलेली असते. मग जाळे बंद पडले की दोष डब्याला.

त्यात आपल्या विदर्भाचा उन्हाळा. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे तापमान दर १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत बंद करून गच्चीवर ठेवलेल्या बॅटरीचे काय होत असेल, ते तुम्हीच ठरवा. ती सावलीत, वारा लागेल अशी ठेवली तर एक रुपयाही खर्च न करता तिचे वय वाढते. आणि जूनमधील वळवाच्या विजांपासून रक्षणासाठी खांबाला भूमिसंपर्क हवाच. तो जाणत्या वायरमनकडून करून घ्यावा. विद्यार्थ्यांनी त्या खांबाच्या वाटेला मुळीच जाऊ नये.

वहीतील सर्वांत चमत्कारिक नोंद कदाचित झाडांची असेल. मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि पळस निष्पर्ण झालेले असतात. खांबावरून समोरची टोली स्वच्छ दिसते, जोडणी उत्तम लागते आणि सगळे खूश होतात. जुलैत त्याच झाडांना ओली पाने आलेली असतात आणि ५ सेंटिमीटरची लहर त्यांत हरवून जाते. 'यंत्र बिघडले' अशी तक्रार येते. बिघडलेले काहीच नसते. शिवाय दोन अँटेनांमध्ये केवळ सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. लहर मध्यावर फुगीर होऊन जाते, जणू लांबट काकडीच. ३ किलोमीटरच्या जोडणीत ५.८ गिगाहर्ट्झला या काकडीची मधली त्रिज्या सुमारे ६ मीटर भरते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे पावणेचार मीटर, मोकळा लागतो. झाडाच्या शेंड्यावरून हातभर वरून रेषा जाते म्हणून निर्धास्त राहणारा पावसाळ्यात फसतो.

खुले आहे, पण चावी कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेत मी व्याख्यानाला गेलो होतो. गच्चीवर अँटेना होती, राउटरचा दिवाही लुकलुकत होता. पण इंटरनेट सहा महिन्यांपासून बंद. राउटरमध्ये खुली आज्ञावली होती, सुधारणा दहा मिनिटांत झाली असती. मात्र त्याचा परवलीचा शब्द एकट्या बसविणाऱ्या तरुणाला ठाऊक होता आणि तो नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला होता. मुख्याध्यापकांनी मोठ्या आस्थेने त्या डब्यावर कापडी खोळ घातली होती!

मुक्तस्रोताविषयी आपण पुष्कळदा भाबडेपणाने बोलतो. आज्ञावली खुली आहे म्हणजे ती कोणीतरी वाचतो आहे, असा अर्थ होत नाही. २०२४ सालच्या मार्चमध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा पण जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत आज्ञावलीत चोरवाट आढळली. ती अनेक वर्षे एकटा सांभाळून थकलेल्या स्वयंसेवकाचा कोणीतरी टोपणनावाने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि मग हळूच ही चोरवाट घुसविली. ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे वाटले. आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला! आज्ञावली खुली होती म्हणून त्याला शोध घेता आला, हे खरे. पण तो एकटा मनुष्य थकेपर्यंत कोणी मदतीला गेले नव्हते, हेही खरे.

ओपनडब्ल्यूआरटीच्या घरातही भांडणे झाली. कारभार पुरेसा खुला नाही, म्हणून २०१६ साली त्यातील बरेच कार्यकर्ते वेगळे झाले आणि त्यांनी निराळी चूल मांडली. दीडेक वर्षाने, २०१८ च्या जानेवारीत, दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. नाव जुने राहिले, कामाची पद्धत बरीचशी नवी. २०२४ च्या अखेरीस तर या प्रकल्पाने आपल्याच नावाचा राउटर बाजारात आणला. दुसऱ्याच्या डब्यात शिरून सुरू झालेला प्रवास वीस वर्षांनी स्वतःच्या डब्यापर्यंत आला. मात्र ज्या राउटरपासून सुरुवात झाली, त्याची स्मृती एवढी तोकडी की आजची आज्ञावली त्यात मावतच नाही. जुन्या आवृत्त्यांमधील दोष दुरुस्त करणेही काही काळाने थांबते. म्हणून वर्षातून एकदा तरी प्रत्येक गाठीत नवी आवृत्ती घालणे हे गावच्या जाळ्याचे ठरलेले काम असायला हवे.

येत्या वर्षाचा बेत

आंधळगावात हे सगळे उद्याच उभे राहील असे नाही. पण बेत तर मांडता येतो. पहिल्या वर्षी तीनच गाठी पुरेत: शाळा, ग्रामपंचायत आणि दवाखाना. तिन्ही एकमेकींना दिसाव्यात, म्हणजे वलय आपोआप होते. शाळेच्या गाठीला सौर पटल व बॅटरी द्यावी, म्हणजे निदान एक गाठ तरी विजेच्या तारेपासून स्वतंत्र राहील. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात घालून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावेत आणि ते वापरता येणारी गावातली निदान दोन माणसे तयार करावीत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २०१८ साली भरपूर जागा खुली झाली. शक्तीच्या मर्यादा मात्र पाळायच्या. गावात लोकांना वाय-फाय पुरवायचे असेल तर २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेत छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय आणि शुल्काशिवाय तसे केंद्र चालविता येते.

आणि एक गोष्ट पहिल्याच वर्षी करण्यासारखी आहे. आपल्या भागातील जुने मालगुजारी तलाव आठवा. पाऊस पडतो तेव्हा पाणी गावातच अडवून ठेवायचे आणि आभाळ कोरडे झाले की ते वापरायचे, असा त्यांमागचा विचार. शाळेत एखादा जुना संगणक तसाच तलाव बनू शकतो. 'किविक्स' या मुक्तस्रोत आज्ञावलीने सबंध मराठी विकिपीडिया त्यात उतरवून ठेवता येतो. विणकरांनी आपल्या किनारींची चित्रे, दवाखान्याने लसीकरणाच्या तारखा त्यातच ठेवाव्यात. बाहेरची तार आठवडाभर तुटली, तरी गावातल्या गावात हे सारे मिळत राहील. असा साठा नसलेले जाळे म्हणजे नुसता कालवा.

तुम्हांला आजपासून करता येण्याजोगे काम म्हणजे मोजणी. शाळेत किंवा पंचायतीत वाय-फाय असेल तर त्यापासून झाडांपलीकडची एक जागा ठरवा, आणि तिथे उभे राहून मोबाइलमधल्या एखाद्या मोफत आज्ञावलीने संकेताची तीव्रता वाचा. ती 'डीबीएम' या एककात आणि ऋण आकड्यात असते: उणे ६० चांगली, उणे ८५ क्षीण. आकडा ३ ने उतरला म्हणजे शक्ती निम्मी झाली आणि १० ने उतरला म्हणजे दहावा हिस्सा उरला. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच मोबाइलने, त्याच उंचीवर धरून दहा वेळा वाचून सरासरी काढा. शेजारी झाडांना पाने होती की नाही, आणि ती ओली होती का, तेही लिहा. एप्रिल आणि ऑगस्ट हे दोन महिने चुकवू नका. त्या दोन आकड्यांमधला फरक किती आला, यावरून खांब किती उंच हवा ते ठरेल.